टॉवेलाखालचा अर्धा

१९५४ च्या सुरुवातीला मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो आणि माझी नोकरी मार्चअखेर संपणार होती. जागा तात्पुरती होती. ती कायम व्हायची असेल तर नावावर काहीतरी संशोधन हवं, असं प्राचार्यांनी मला दोनदा सांगितलं. दोनदा अशासाठी, की पहिल्यांदा मी 'हो सर' म्हणालो ते त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

नोकरी गेली तर पुढे काय, हेही ठरून गेलं होतं. पेठ वडगावात माझ्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. तिथे गादीवर बसून मी गिऱ्हाइकांना लुगडी दाखवायची. सासरे मनानं मोठे, मला कधी उणं बोलले नसते. पण एखादी बाई पंधरा लुगडी उलगडायला लावून 'काठ बरं न्हाईत' म्हणत उठली, की तिला परत बसवायला जे बोलावं लागतं ते मला या जन्मात जमलं नसतं. माझं नाव नृसिंह. आईवडिलांनी ते कशाच्या भरवशावर ठेवलं, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

मी आणि माझी बायको पद्मजा शाहूपुरीत हंबीररावांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. हंबीरराव गुळाचे अडते. शेतकऱ्यानं गाडीतून आणलेला गूळ उतरवून घ्यायचा आणि व्यापाऱ्यांना विकून द्यायचा, हा त्यांचा धंदा. खाली त्यांची वखार, वर आमच्या दोन खोल्या. हंगामात घरभर गुळाचा वास असे, आणि माझ्या कागदांवर मुंग्यांची रांग. कागद झटकल्याशिवाय मला गणित सुरू करता येत नसे. हंबीररावांचा आवाज असा, की त्यांनी वखारीतून हमालाला हाक मारली तर शेजारच्या तीन वखारींतले हमाल 'जी' म्हणत.

एकदा ते घरपट्टीचं काहीतरी सांगायला वर आले आणि माझ्या कागदांकडे बघत उभे राहिले.

"काय लिवताय मास्तर रोज? पोथी?"

"गणित आहे."

"किती दिवस चाललंय?"

"तीन वर्षं झाली."

"आन् अजून उत्तर न्हाय? आमचा दिवाणजी दुपारच्या आत करून देतोय की!"

पद्मजा आत चहा करत होती, तिचं हसू मला भिंतीतून ऐकू आलं. मला वाटतं, त्या हसण्यानंच मला बोलतं केलं. मी म्हणालो, "हंबीरराव, दोन आकडे घ्या. पूर्ण. कुठलेही."

"पाच आन् तीन."

"पाचाचा वर्ग पंचवीस. त्यातून पाच त्रिक पंधरा काढा, राहिले दहा. त्यातून तिनाचा वर्ग, नऊ, काढा."

"एक."

"आता आठ आणि पाच घ्या."

हंबीररावांनी डोळे मिटले. "चौसष्टातनं चाळीस गेलं, चोवीस. त्यातनं पंचवीस... एक कमी पडतोय."

"म्हणजे वजा एक. आता असे दोन आकडे काढा, की बाकी बरोबर शून्य उरेल. फक्त दोन्ही आकडे शून्य घ्यायचे नाहीत."

ते चहा घेऊन गेले. पुढचे दोन दिवस वखारीत बरीच गडबड ऐकू येत होती. मला वाटलं, गूळ जास्त आला असेल. तिसऱ्या दिवशी दिवाणजी मला जिन्यात भेटला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मागोमाग हंबीरराव वर आले.

"येतच न्हाय. एकाच्या आत येतच न्हाय ह्यो गडी. अडून बसलाय."

मला जो आनंद झाला तो वर्गात कधी झाला नव्हता. मी त्यांना सांगितलं, की वर्गांच्या आणि गुणाकारांच्या अशा बेरीज-वजाबाकीला द्विघाती रूप म्हणतात. काही रूपं शून्याच्या अगदी जवळ आणता येतात, काही अशी अडून बसतात. आपण घ्यायचे आकडे पूर्ण असतात, पण रूपातले गुणक कुठल्याही वास्तव संख्या असू शकतात, दोनचं वर्गमूळसुद्धा.

"वास्तव म्हंजे खऱ्या? मंग मी आजवर खोट्या वापरत आलोय व्हय?"

"नाही नाही, तुमच्या सगळ्या त्यात येतात. पण तुमच्या दोन आकड्यांमध्ये ज्या फटी राहतात, त्या भरणाऱ्याही त्यात असतात."

माझा स्वतःचा प्रश्न दोन नाही, तीन आकड्यांच्या रूपांचा होता. त्यात आणखी एक खोच होती, ती सांगून मी वाचकाला पळवून लावणार नाही. मुद्दा एवढाच: असं कुठलंही रूप समोर आलं, तरी त्याच्या आकारमानाच्या मानानं ते शून्याच्या निदान इतकं जवळ आणता येईल, असं छातीठोकपणे सांगणारा अपूर्णांक कोणता? परदेशात कुणीतरी पाऊण सिद्ध केलं होतं. म्हणजे कुठलंही रूप पाऊणपर्यंत आणता येणार, यात शंका नाही. दुसऱ्या बाजूला एक हटवादी रूप सगळ्यांना माहीत होतं, ते अर्ध्याच्या आत यायला तयार नव्हतं. खरा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी होता आणि मी तीन वर्षं तो शोधत होतो.

हे मी विद्यार्थ्यांना कधी नीट समजावू शकलो नव्हतो. हंबीररावांनी ते पान थुंकून यायच्या आत पकडलं.

"म्हंजे सौदा चाललाय. ह्यो गडी अर्ध्यावर अडून बसलाय, आन् तुम्ही पाऊणवरनं खाली खाली येताय."

"बरोबर."

"अर्ध्याखाली कुणाच्या बाच्यानं जाता यायचं न्हाय."

"नाही."

"मंग आज काय भाव?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वखार बंद करताना ते जिन्याखालून ओरडत, "मास्तर, आज भाव काय?" मी वरून 'पाऊण' म्हणे. सगळी गल्ली ऐके. दिवाळीच्या सुमाराला मी 'दोन तृतीयांश' म्हणालो, तर त्यांनी पेढे आणले. गुळाचा भाव उतरला की त्यांचा चेहरा उतरायचा. माझा उतरला की ते बाजारात चौघांना सांगून यायचे.

टॉवेलाची रीतही त्यांनीच मला शिकवली. सौदे उघड बोलीनं व्हावेत असा नियम आला होता, पण जुन्या माणसांची बोटं तो नियम ऐकत नव्हती. घेणारा आणि अडता हातात हात देत, वर टॉवेल टाकत आणि आत बोटं दाबून भाव ठरवत. एक बोट, दोन बोटं, पंजा. अपूर्णांकासाठी बोटाची पेरं: वरच्या पेरावर अंगठा दाबला तर पाव, मधल्यावर अर्धा, मुळाशी पाऊण. टॉवेलाखाली जे दाबलं ते तोंडानं बोलायचं नाही, अशी शपथच होती.

ही पद्धत मला मनापासून आवडली. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, आवाज काढायला नको. जगातले सगळे व्यवहार असे झाले असते तर मी फार कर्तबगार माणूस ठरलो असतो. आम्ही वखारीच्या कट्ट्यावर बसून उगीचच सौदे करत असू. फक्त माझा दोन तृतीयांश तिथे अडे.

"तृतीयांश बोटात बसत न्हाय, मास्तर. असला भाव बाजारात चालत न्हाय. बसंल असा काढा."

जानेवारीत तो निघाला. निदान मला तसं वाटलं. सगळ्या रूपांचे नऊ प्रकार पाडून, प्रत्येक प्रकार मी थेट अर्ध्यापर्यंत खाली आणला. बरोबर अर्धा. हटवादी गडी जिथे बसला होता तिथेच. म्हणजे सौदा संपला. यापुढे कुणालाही तो खाली नेता येणार नव्हता.

मी कुणाला सांगितलं नाही. सकाळी मला सिद्धतेत भोक सापडे, संध्याकाळपर्यंत ते बुजे, सकाळी दुसरं सापडे. हळूहळू भोकं सापडेनाशी झाली, तेव्हा मला जास्त भीती वाटायला लागली. भोक दिसत नाही याचा अर्थ ते नाही असा थोडाच होतो? मी शाळेत असल्यापासून चुकत आलोय, आणि चुकताना दर वेळी मला आपण बरोबर आहोत असंच वाटलंय.

"काहीतरी झालंय," पद्मजा एक दिवस म्हणाली.

"कुठे काय?"

"अहो, तुम्ही मघाशी दुधाच्या पातेल्याला नमस्कार केलात."

फेब्रुवारीत प्राचार्यांनी मला बोलावलं. मुंबईचे एक मोठे प्राध्यापक येणार होते, याच विषयातले. ते माझं व्याख्यान ऐकणार आणि त्यांच्या शब्दावर माझी जागा ठरणार. "जरा मोठ्यानं बोला," प्राचार्य म्हणाले, "म्हणजे त्यांना शब्द देता येईल."

आदल्या संध्याकाळी हंबीररावांनी कट्ट्यावर टॉवेल टाकला. "मास्तर, उद्या पावणं येणार. आज खरा भाव दाबा."

मी दोन तृतीयांश कसा दाबावा याचा विचार करत होतो. पण टॉवेलाखाली माझा अंगठा माझ्या मताची वाट न बघता त्यांच्या बोटाच्या मधल्या पेरावर जाऊन बसला. हंबीररावांनी माझ्याकडे बघितलं. शपथ होती म्हणून आकडा बोलले नाहीत.

"मंग उद्या?"

"उद्या दोन तृतीयांशच सांगणार. त्याची खात्री आहे."

"आन् ह्याची?"

"याची... असावी असं वाटतं."

"किती दिस ठिवणार घरात?" ते टॉवेल झटकत म्हणाले. "मुंग्या लागल्यात की आत्ताच."

व्याख्यानाच्या दिवशी हंबीरराव पहिल्या बाकावर हजर होते. कॉलेजच्या वसतिगृहाला गूळ त्यांच्याकडून जाई, त्यामुळे त्यांना कुणी काही म्हटलं नाही. मला वाटलं, पद्मजानंच त्यांना बसवलं असेल, म्हणजे निदान एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून मी बोलेन. ती स्वतः दाराजवळ बसली होती.

मुंबईचे पाहुणे बारीक अंगाचे, मऊ बोलणारे, खोकल्यासाठी गालात खडीसाखर धरून बसलेले. मी फळ्याकडे तोंड करून बोललो. फळ्याला माझं व्याख्यान चांगलं ऐकू गेलं असावं. शेवटी मी 'दोन तृतीयांश' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि वळलो.

"छान," पाहुणे म्हणाले. ते उठले आणि त्यांना वाईट वाटतंय हे दिसत होतं. "पद्धत फार छान आहे. पण एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्यानं गेल्या महिन्यात हा आकडा तीन पंचमांशापर्यंत खाली आणला. छापायला गेलाय."

तीन पंचमांश दोन तृतीयांशापेक्षा लहान असतो, हे प्राचार्यांना करून बघायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी टेबलावरचा कागद पालथा घातला. मला पेठ वडगावचं दुकान दिसलं. पंधरावं लुगडं मी उलगडत होतो.

"याच्या खाली काही दिसतं का तुम्हाला?" पाहुण्यांनी विचारलं. उपकार केल्यासारखं नाही, खरंच विचारलं.

मी तोंड उघडलं. खडू हातात मोडला. दुसऱ्या बाकावरच्या मुलांनी मान खाली घातली, कारण त्यांना माझी सवय होती. मी पुन्हा प्रयत्न केला आणि घशातून जे निघालं ते मराठी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं.

तेव्हा हंबीरराव उठले.

"पावणं, जरा हात द्या इकडं."

"हंबीरराव, हे काय?" प्राचार्य म्हणाले.

"काय न्हाय सायेब, सौदा अडलाय. ह्यो गडी तोंडानं बोलत न्हाय, बोटानं बोलतोय." असं म्हणून त्यांनी पाहुण्यांचा उजवा हात माझ्या हातात दिला आणि खांद्यावरचा टॉवेल वर टाकला. टॉवेल धुतलेला होता, घडीचा, आणि त्याला निळी किनार होती. तो आमच्या घरचा होता. मी दाराकडे बघितलं. पद्मजा छताचा पंखा निरखत होती.

पाहुण्यांचा हात थंड होता. माझा अंगठा त्यांच्या तर्जनीवर वर गेला, खाली आला आणि मधल्या पेरावर थांबला. मी दाबलं. बहुधा जरा जोरातच.

त्यांना गुळाच्या बाजाराची रीत माहीत असणं शक्य नव्हतं. ते टॉवेलाकडे बघत राहिले, मग बोटाच्या मध्यावरच्या त्या दाबाकडे त्यांचं लक्ष गेलेलं मला दिसलं. तो हटवादी गडी त्यांच्याही ओळखीचा होता. तीन पंचमांशाच्या खाली, एका माणसाची वाचा बसावी असा आकडा एकच होता.

"अर्धा?" ते हळूच म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांनी गालातली खडीसाखर चावून संपवली, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "चला. फळा पुसा."

पुढचं मला नीट आठवतं आणि अजूनही विश्वास बसत नाही. मी सिद्धता मांडायला लागलो आणि ते मध्ये मध्ये अडवत गेले. मऊ बोलणारा माणूस शंका घ्यायला लागला की किती कठीण होतो! "ही पायरी धन संख्यांना चालेल, ऋण असल्या तर?" त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. "इथे तुम्ही शून्यानं भागत तर नाही ना?" तेही होतं. "तिसऱ्या प्रकारातून एखादं रूप निसटलं तर?" निसटत नव्हतं, कुठून निसटायला बघतं आणि चौथ्या प्रकारात कसं सापडतं, ते मी दाखवलं. प्रत्येक शंका माझ्या ओळखीची होती. महिनाभर रोज सकाळी मी तीच स्वतःला विचारत आलो होतो, आणि मी स्वतःला विचारताना इतका सभ्यपणा कधी दाखवला नव्हता. माझ्या लक्षातही आलं नाही, की मी केव्हाच फळ्याकडे पाठ करून बोलतोय आणि मागच्या बाकांना ऐकू जातंय.

नववा प्रकार संपला. पाहुणे फळ्याकडे बघत उभे होते. खिडकीतलं ऊन फळा सोडून भिंतीवर गेलं होतं.

"मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "सर, सातव्या प्रकारात तुम्ही एक शंका घेतलीच नाहीत."

"कोणती?"

"तिथे दोन गुणकांचं गुणोत्तर अपरिमेय असलं, तर मला हवा तो पूर्णांक त्या फटीत सापडेलच, हे कशावरून?"

पाहुण्यांनी सातवा प्रकार वाचला. पुन्हा वाचला. "खरंच की. कशावरून?"

"त्याला उत्तर आहे," मी म्हणालो आणि लिहून दाखवलं. चार ओळी.

ते पहिल्या बाकावर हंबीररावांच्या शेजारी बसले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. "अहो, तुमच्यावर बाहेरच्या कुणी शंका घ्यायची सोयच नाही. तुम्ही सगळ्या घरीच उरकून ठेवल्यात!"

हंबीररावांना फळ्यावरचं एक अक्षर कळलं नव्हतं. ते म्हणाले, "पावणं, पटलं का?"

"पटलं. पुरतं पटलं."

"अर्ध्याला?"

"अर्ध्याला."

तेव्हा हंबीरराव उभे राहिले आणि बाजारात पुकारतात तसे पुकारले, "अर्धा! झाला सौदा!" गणिताच्या खोलीत तो आवाज मावला नाही. बाहेर घंटेजवळ डुलक्या घेणारा शिपाई दचकला आणि त्यानं तास संपल्याची घंटा दिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी पालथा कागद उलटा करून त्यावर काहीतरी लिहिलं. मी वाचायचा प्रयत्न केला नाही. पण त्यांनीच तो माझ्यापुढे धरला. 'कायम' हा शब्द त्यांनी ठळक काढला होता, कारण मी काय 'हो' म्हणणार हे त्यांना ऐकू येणार नाही, अशी त्यांची खात्री असावी.

"हो सर!" मी म्हणालो. या वेळी ते मागे सरकले.

संध्याकाळी पाहुणे मुंबईच्या गाडीनं गेले. जाताना म्हणाले, आमचा तीन पंचमांश छापून यायच्या आधीच शिळा झाला, पोराला कसं सांगू? तरी त्यांचा चेहरा काही दुःखी नव्हता. हंबीररावांनी त्यांच्या डब्यात गुळाचा एक अख्खा रवा, म्हणजे चांगली जड ढेप, चढवला. तो उतरवताना त्यांनी काय केलं असेल, देव जाणे.

घरी पद्मजा टॉवेल धुवून वाळत घालत होती.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. "हंबीरराव शपथ मोडायचे नाहीत."

"त्यांनी फक्त टॉवेल मागितला. म्हणाले, माझा मळलाय, पावण्यावर कसा टाकू?"

"पण अर्धा?"

"अहो, महिनाभर तुम्ही भाकरीचे बरोबर दोन तुकडे करताय आणि तासभर दोन्हींकडे बघत बसताय. मला काय डोळे नाहीत?" तिनं किनार सरळ केली. "आता तरी खात्री झाली ना?"

"झाली," मी म्हणालो. "आठव्या प्रकाराची एक जागा तेवढी..."

तिनं ओला टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला.

तेवढ्यात जिन्याखालून हाक आली. वखार बंद होत होती. मी टॉवेल बाजूला करून कठड्यापाशी गेलो. हंबीरराव कुलूप हातात धरून वर बघत होते, आणि सवयीनं हाक मारून बसल्यावर आता काय विचारायचं, असा प्रश्न त्यांना पडला होता. भाव तर ठरून गेला होता. त्यांचा चेहरा मला जरा उतरल्यासारखा वाटला.

"मास्तर," ते म्हणाले, "मंग उद्यापास्नं बाजार बंद म्हणायचा की काय?"

"तीन आकड्यांचा बंद," मी म्हणालो. "चार आकड्यांचं अजून कुणी केलेलं नाही."

हंबीररावांनी कुलूप खिशात टाकलं आणि कट्ट्यावर बसून शेजारची जागा हातानं झाडली.

"या खाली," ते म्हणाले. "आन् येताना त्यो टॉवेल घिऊन या. ओला असला तरी चालंल. तिथं काय भाव चाललाय?"